बायबल वाचताना लागलेल्या वाईट सवयी – तुमच्या कोणत्या?

समासातली_रेघ (धागाकर्ता)

परवा माझं जुनं बायबल बांधणीला द्यायला काढलं. पुठ्ठा सुटला होता, स्तोत्रसंहितेची पानं हातात येत होती. द्यायच्या आधी सहज चाळायला बसलो तर तासभर उठलोच नाही. वीस वर्षांच्या रेघा! आधी लाल पेन्सिल, मग निळं बॉलपेन, मग ते डोळ्यांत खुपणारं पिवळं हायलायटर.

ईयोबाच्या पुस्तकाच्या बेचाळीस अध्यायांत माझी रेघ एकाच जागी होती, ८:७ वर, म्हणजे आठव्या अध्यायाच्या सातव्या वचनावर. आरंभ छोटा असला तरी पुढे तुझी भरभराट होईल, अशा अर्थाचं वचन. शेजारी तारीख घातलेली, मी स्वतःचा धंदा सुरू केला त्या दिवसाची. हेच वचन चौकटीत घालून टेबलामागे टांगलं होतं. येणारेजाणारे वाचायचे, छान आहे म्हणायचे.

तर परवा, आयुष्यात पहिल्यांदा, त्या रेघेच्या वरच्या ओळी वाचल्या.

बोलतोय बिल्दद शूही, ईयोबाच्या तीन मित्रांतला एक. समोर बसलाय ईयोब, ज्याची दहाच्या दहा मुलं एका दिवसात घर कोसळून गेली आहेत. आणि बिल्दद त्या बापाला चौथ्या वचनात ऐकवतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. पाचव्या-सहाव्यात म्हणतो, तू शुद्ध असशील, देवाची विनवणी करशील, तर तो तुझं पुन्हा बरं करील. त्यानंतर सातवं, माझं चौकटीतलं. म्हणजे तो आशीर्वाद नव्हेच. मुलं गमावलेल्या माणसाला दिलेला 'सरळ वाग म्हणजे सगळं ठीक होईल' छापाचा सल्ला आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव या मित्रमंडळींवर रागावतो आणि सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

ज्या बोलण्यावर देव रागावला ते मी वीस वर्षं भिंतीवर टांगून ठेवलं होतं!

तेव्हापासून बाकीच्या रेघा तपासतोय. जवळपास सगळ्या अशाच, एका वाक्यापुरत्या, वरचं-खालचं न बघता ओढलेल्या. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात ४:१३ वर तर तिन्ही रंग आहेत. ख्रिस्ताच्या बळावर मी सगळं करू शकतो, म्हणून परीक्षा, मुलाखत, कर्ज, सगळ्याला हेच एक. त्याच्या वरच्या दोन वचनांत पौल काय म्हणतो? भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलोय. शिवाय हे तो बेड्यांत असताना लिहितोय (१:१३). म्हणजे त्याच्या 'सगळं' मध्ये उपास काढणंही आलं. त्या उपासाच्या ओळीवर मी रेघ ओढलेली नाही, हे सांगायला नकोच.

उत्पत्ती ३१:४९ म्हणजे तर कहर. आपण एकमेकांच्या नजरेआड असताना परमेश्वर आपल्या दोघांवर लक्ष ठेवो. किती गोड! हे मी परदेशी निघालेल्या मित्राला कार्डावर लिहून दिलं होतं. बोलणारा लाबान आहे, आणि त्याचा जावयावर काडीचा विश्वास नाही. दगडांची रास रचून, वाईट हेतूने ही ओलांडून तू माझ्याकडे यायचं नाही नि मी तुझ्याकडे यायचं नाही, असा करार चाललाय. लक्ष ठेवो म्हणजे पाळत ठेवो. मित्राने ते पान कधी उघडून पाहिलं नसेल अशी आशा आहे.

माझं म्हणणं एवढंच की आपण बायबल वाचत नाही, त्यातून वेचतो. आणि वेचताना हाताला तेच लागतं जे आधीच मनात असतं. आता रेघ ओढण्याआधी स्वतःला विचारतो, हे कोण बोलतंय, कोणाला, आणि विषय कशावरून निघाला?

तुम्हाला कोणत्या सवयी मोडाव्या लागल्या? (कोणता पंथ बरोबर नि कोणता चूक हे इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधीच संपत नाहीत.)

---

टिकमार्क

वाचनखूण साठवली.

माझी सवय तुमच्या उलट. मी एकही ओळ सोडत नाही. वर्षभरात संपूर्ण बायबल, तक्ता आरशाशेजारी चिकटवलेला. ६६ पुस्तकांच्या बायबलात ११८९ अध्याय, भागिले ३६५, रोजचे सव्वातीन. (कॅथलिक बायबलात पुस्तकं ७३, त्यांनी आपला हिशोब आपण करावा.) जानेवारी झकास जातो, उत्पत्ती आणि निर्गमाचा पूर्वार्ध म्हणजे गोष्टीच. निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, फळ्या, खुंट्या, पडदे, कड्या. मग लेवीय. माझा तक्ता दरवर्षी तिथेच लंगडायला लागतो.

एका वर्षी अकरा दिवस मागे पडलो. रात्री बसून सगळं भरून काढलं, गणना हे अख्खं पुस्तक एका बैठकीत. छत्तीस टिका केल्या आणि समाधानाने झोपलो. सकाळी बायकोने विचारलं, "एवढं जागून काय वाचलंस?" मला बलामाची ती बोलणारी गाढवी सोडून काहीही आठवेना.

मॅकचेन नावाच्या स्कॉटिश पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी असाच तक्ता केला होता, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो आजही पुष्कळ लोक वापरतात. गंमत म्हणजे त्याने तक्त्याआधी लिहिलेल्या टिपणात अशा वाचनाचे धोके आधी सांगितलेत आणि फायदे नंतर. उरकून टाकणं, आपण फार धार्मिक झालो असं वाटायला लागणं, लक्ष नसताना वाचणं, आणि काहींना हे जोखड न झेपणं. माझ्या आरशाशेजारच्या तक्त्यावर हे धोके नव्हते. असते तरी मी त्यांच्यासमोरही टिक केली असती.

समासातली_रेघ

गाढवी लक्षात राहिली हे काय कमी आहे? त्या गोष्टीत देवदूत आधी दिसतो तो तिलाच.

मेणबत्ती

यिर्मया २९:११ अजून कोणी काढलं कसं नाही? निघणारच, म्हणून आधीच लिहिते.

संदर्भ बघावा हे मान्य. पण जरा दमानं घ्या. माझे यजमान अतिदक्षता विभागात होते तेव्हा एका बाईंनी ते वचन चिटोऱ्यावर लिहून दिलं होतं. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. तेवीस दिवस तो चिटोरा माझ्या मुठीत होता. घामाने शाई पसरली, शेवटी शेवटी नुसता निळा डाग उरला. तेव्हा कोणी मला संदर्भ समजावायला आलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

यजमान घरी आले नाहीत. नंतर कित्येक महिने त्या पानाकडे बघवत नव्हतं. वाटायचं, हिताचे म्हणाला होतास ना?

मग एकदा ते सगळं वरपासून वाचलं. ते पत्र आहे हेच मला माहीत नव्हतं! यिर्मयाने यरुशलेमहून, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. अकराव्या वचनाच्या वरच दहावं आहे आणि त्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आणि त्याच्याही वर, पाचव्यापासून काय, तर घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. मुलांची लग्नं करा. ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

हे वाचून मी रडले. ज्यांचं सगळं गेलंय त्यांना ते सांगितलंय, आणि पहिली गोष्ट काय सांगितली तर घर बांधा. चिटोऱ्यावरच्या एका ओळीने मला तेवीस दिवस नेलं. त्यापुढचं सगळं त्या बाकीच्या पत्राने.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्या चिटोरा देऊन गेल्या नाहीत, बाकावर माझ्याजवळ बसून राहिल्या. दारातून वचन टाकून जाणारेही होते. तेही लक्षात आहेत.

समासातली_रेघ

ताई, यावर काही लिहीत नाही. फक्त वाचलं म्हणून कळवतो.

पाळक_निवृत्त

मेणबत्तीताई, तुमच्या प्रतिसादाला नुसती एक पुरवणी. त्याच्या आधीचा अध्याय, २८वा, जरूर वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. दोनच वर्षं! यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूसुद्धा तो मोडून टाकतो. लोकांना कोणता संदेष्टा आवडला असेल हे सांगायला नको. २९:११ ची चौकट करताना सत्तराचा आकडा वगळला की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा संदेश जातो.

रेघसाहेब, आता तुमच्याशी थोडं भांडतो. ईयोबाच्या मित्रांचं बोलणं सरसकट टाकून देऊ नका. पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये, ज्ञान्यांना देव त्यांच्याच धूर्तपणात पकडतो, हे वाक्य शास्त्रवचन म्हणून घेतलंय. ते आहे ईयोब ५:१३, आणि बोलणारा अलीफज, त्याच तिघांतला. त्या मित्रांची वाक्यं पुष्कळदा बरोबर असतात. ती चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी, आपल्याला सगळं कळतं अशा थाटात बोललेली असतात. 'कोण बोलतंय' हे विचारलंत ते उत्तम. पण उत्तर मिळालं की त्यावर फुली मारायची, ही दुसरी रेघच झाली.

आता स्वतःची कबुली. माझी सवय होती मूळ भाषेचा तोरा मिरवायची. ग्रीक दोन वर्षं शिकलो, विसरलो जास्त. पण व्यासपीठावरून 'मूळ ग्रीकमध्ये' म्हटलं की माणसं सावरून बसतात, तो मोह वाईट. रोमकरांस १:१६ वर मी किती वेळा सांगितलं असेल की सामर्थ्य म्हणजे डुनामिस, आणि त्यावरूनच डायनामाइट! देवाचं सामर्थ्य म्हणजे स्फोट! मंडळी खूश. एकदा शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने बाहेर गाठून विचारलं, "पण डायनामाइट तर नोबेलने काढला ना? पौलाला कसा माहीत?" नोबेलने तो शब्द घडवला १८६७ साली. पौल गेला पहिल्या शतकात. शब्दाचं नातं खरं असलं तरी नातवावरून आजोबांचा स्वभाव ठरवत नाहीत. त्या मुलीला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ते अजून बोचतं.

अगापे आणि फिलेओचंही तेच. अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम आणि फिलेओ म्हणजे आपली साधी मैत्री, हे इतकं ठसलंय की विचारू नका. योहानाच्या शुभवर्तमानात पिता पुत्रावर प्रीती करतो, हे ३:३५ ला अगापेच्या क्रियापदाने येतं आणि ५:२० ला फिलेओने. देमास या सहकाऱ्याने जगावर प्रीती करून पौलाला सोडलं (२ तीमथ्य ४:१०), तिथेही अगापेचंच क्रियापद. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, लुब्ध होतो (२ शमुवेल १३), त्यालाही तेच. ती गोष्ट बलात्कारावर जाते, हे ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. शब्द शब्दकोशात झोपलेला असतो, वाक्यात जागा होतो.

एकच भाषांतर हाती असेल तर निदान दुसरं शेजारी ठेवा. दोघांत फरक पडला की तिथे थांबा. माझ्या दोन वर्षांच्या ग्रीकपेक्षा त्याने जास्त हाती लागतं.

देव_न_मानणारा

मी विश्वासी नाही, पण या धाग्यावर लिहायचा मोह होतोय. चालेल ना?

माझी सवय होती चुका पकडत वाचायची. तुम्ही लोक गोड वचनं वेचता, मी विसंगती वेचायचो. वही होती माझी, पान ओढून दोन रकाने. त्यातली पहिली नोंद नीतिसूत्रे २६:४, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या रकान्यात २६:५, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर दे. लागोपाठ! मला वाटायचं, हे संकलन करणारे झोपले होते काय.

मग एकदा कोणाशी तरी ऑनलाइन वाद घालत असताना (रात्रीचे दोन, विषय आठवत नाही) लक्षात आलं की दोन्ही खरी आहेत. उत्तर दिलं तर मी त्याच्यासारखा होतो, न दिलं तर तो स्वतःला शहाणा समजतो. दोन्ही वचनांच्या उत्तरार्धात नेमकं हेच लिहिलंय. मी दोन्ही वेळा पूर्वार्धच वहीत उतरवला होता. ज्याने ती ओळीने ठेवली तो झोपला नव्हता.

वहीतल्या सगळ्याच नोंदी अशा सुटल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. काही अजून उभ्या आहेत. पण म्हणींच्या पुस्तकाला कायद्याच्या पुस्तकासारखं वाचलं, ही चूक माझी होती.

पाळक_निवृत्त

चालेल काय, बसा! आमच्याकडची चूक तुमच्या चुकीची सख्खी बहीण. मुलाला योग्य वळण लाव म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही (नीतिसूत्रे २२:६). हे म्हण म्हणून ठीक, हमी म्हणून जीवघेणं. मुलगा भरकटलेल्या आईबापांना या वचनाने रात्र रात्र जागवलेलं मी पाहिलंय. पालक चांगले आणि मूल बिघडलेलं, असं शास्त्रात कमी आहे का?

उघडलं_ते_पान

मी डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट ठेवायचे. निर्णय घ्यायचा असला की हेच. नोकरी बदलू का, असं एकदा विचारलं आणि बोट पडलं पहिल्या इतिहासावर. पहिले नऊ अध्याय नावंच नावं आहेत तिथे. अमक्याचा मुलगा तमका. मी अर्धा तास त्या नावांत नोकरी शोधत होते. :(

कोणीतरी म्हणेल संत ऑगस्टिनचं पण तसंच झालं होतं. इ. स. ३८६, मिलानमधली बाग, 'उचल, वाच' असा मुलाचा आवाज, आणि उघडलं ते रोमकरांस १३:१३-१४. खरं आहे. पण त्याने उघडलं ते पौलाच्या पत्रांचं पुस्तक होतं आणि ती पत्रं तो आधीपासून वाचत होता. तेवढा भाग मी सोयीस्करपणे विसरले होते.

सूचना_बंद

मोबाइलवर रोज सकाळी एक वचन यायचं, मागे सूर्योदय नाहीतर डोंगर. मी ते वाचायच्या आधी पाच गटांवर पाठवायचो. मग सूचनाच बंद केली.

त्या सूर्योदयावर स्तोत्र ८८ मला कधी आलं नाही. ते अंधार या शब्दावरच संपतं, शेवटी उजेड नाही, 'तरीही' नाही, काही नाही. आपल्या पुस्तकात असंही स्तोत्र आहे हे मला पस्तिशीनंतर कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं.

अध्यायांची_कात्री

अजून एक सवय, अध्याय संपला की थांबायची. हे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आजचे अध्याय पाडण्याचं श्रेय साधारणपणे स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला देतात, तेराव्या शतकाची सुरुवात. नव्या कराराची आजची वचनं रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत पाडली. हे काम त्याने प्रवासात केलं असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. त्यावरून लोक गमतीने म्हणतात की घोडा ठेचकाळला तिथे तिथे वचन तुटलं.

कात्री कुठे नडते ते बघा. लूक २१ उघडतो त्या गरीब विधवेवर, दोन दमड्या टाकणारी. दानाच्या वेळी हमखास वाचतात, आणि वाचणारा २१:१ पासून सुरू करतो. आता अध्यायाचा आकडा बोटाने झाका आणि वरची दोन-तीन वचनं जोडून वाचा. येशू शिष्यांना शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतोय. लांब झगे, बाजारात नमस्कार, पहिली आसनं, आणि हे लोक विधवांची घरं गिळंकृत करतात. मग नजर वर करतो आणि समोर एक विधवा, आपली सगळी उपजीविका पेटीत टाकताना. लगेच पुढे, २१:५-६ मध्ये, कोणी मंदिराच्या सुंदर दगडांचं कौतुक करतं आणि तो म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

ती गोष्ट दानशूरपणाची आहे की गिळंकृत झालेल्या घराची? 'तुम्हीही असंच करा' असं तिथे तो म्हणत नाही.

टिकमार्क

बाप रे. मी हे शंभर वेळा टिक केलंय.

पण असहमत. 'सगळ्यांपेक्षा हिने जास्त टाकलं' हे कौतुक नाही तर काय? श्रीमंतांनी उरलेल्यातून टाकलं, हिने असेल नसेल ते. तुलना सरळ आहे. वरच्या वचनांमुळे तिचा मोठेपणा पुसून कसा जाईल?

अध्यायांची_कात्री

पुसून जात नाही. ती मोठीच आहे. माझा प्रश्न पेटीवाल्यांबद्दल आहे.

पाळक_निवृत्त

दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या अभ्यासकांनी लिहिलंय, आज रात्री इथे निकाल लागणार नाही. मार्कात (१२:३८-४४) हे दोन्ही प्रसंग एकाच अध्यायात लागून आहेत, तरी आम्ही तिथेही मधूनच सुरुवात करतो. म्हणजे सगळा दोष लँग्टनवर ढकलता येत नाही. मी स्वतः हा उतारा दान गोळा करायच्या आधी वाचलाय, दरवर्षी. वरची वचनं एकदाही जोडली नाहीत. लांब झगा माझ्याही अंगावर होता.

घोटून_पाठ

माझी सवय म्हणजे पानाऐवजी आठवण वाचणं. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की डोळे ओळीवर आणि डोक्यात नाताळचं नाटक. पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीन होते असं मत्तय म्हणत नाही, भेटी तीन आहेत. लूकमध्ये उतारशाळेचा मालक नाही, गाढवही नाही. एदेन बागेतल्या फळाला नाव नाही.

आता ओळखीचा उतारा आला की मोठ्याने वाचतो, सावकाश. डोळे घसरतात, जीभ तितकी घसरत नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कूशी (इथियोपियाचा) अधिकारी रथात यशया वाचत होता तोही मोठ्याने, म्हणून तर फिलिप्पाला ऐकू गेलं.

कोरी_पाटी

नमस्कार. मी आत्तापर्यंत बायबल वाचलेलंच नाही, त्यामुळे वाईट सवयी लागायला वेळ मिळाला नाही. (हलकं घ्या.) धागा वाचून मात्र भीती वाटायला लागली की कुठूनही सुरुवात केली तरी चुकणार. कुठून करू? आणि तळटीपांची जाडजूड प्रत घेऊ की साधी?

सूचना_बंद

मार्क. सोळा अध्याय, एका संध्याकाळी होतो.

देव_न_मानणारा

उपदेशक. माझ्यासारख्यालाही चाललं.

घोटून_पाठ

तळटीपांची प्रत घ्या, पण आधी वरचा मजकूर आणि मग खालची टीप. मी वर्षानुवर्षं उलटं केलं. टीप वाचायची आणि मग वचनात तेवढंच दिसायचं. प्रश्न पडायच्या आधी उत्तर मिळालं की प्रश्नच कळत नाही.

मेणबत्ती

भिऊ नका हो. इथे सगळे चुकलेलेच लिहितायत. योनापासून सुरुवात करा, चारच अध्याय आहेत. एका बैठकीत वाचा, आणि योनाला गिळणाऱ्या माशापाशी थांबू नका. गोष्टी सांगणारे सगळे तिथेच थांबतात.

कोरी_पाटी

वाचलं. मोठ्याने वाचलं, पाऊण तासही लागला नाही. मासा तर दुसऱ्या अध्यायातच संपला!

एक विचारायचं होतं. निनवे शहराचे लोक सुधारतात, देव त्यांना माफ करतो, आणि याचा राग योना संदेष्ट्याला येतो? मग तो शहराबाहेर रुसून बसतो, सावलीचं झाड किड्याने वाळतं, आणि देव त्याला विचारतो की तुला त्या झाडाची एवढी कळकळ, मग एक लाख वीस हजारांवर माणसं असलेल्या या शहराची मला नको का? आणि तिथे गुरंही पुष्कळ आहेत. आणि मग पुस्तक संपतं. योना काय म्हणाला ते नाहीच. माझ्या प्रतीत पान गळलंय का?

समासातली_रेघ

नाही. आत्ताच माझी प्रत काढून बघितली. माझ्यातही तिथेच संपतं. आणि त्या पानावर एकही रेघ नाही.